शून्याच्या समोर

मिलकाकांच्या घरी पहिल्यांदा जाणारा माणूस दारातच हबकायचा. काका दार उघडायचे, हसून "या" म्हणायचे आणि लगेच दोन पावलं मागे सरकायचे. मग उजवा हात नाकासमोर ताठ करून, एक डोळा मिटून ते पाहुण्याला डोक्यापासून पायापर्यंत बोटांनी मोजायचे. विजेचं मीटर वाचायला आलेला एक नवीन माणूस या स्वागतानं इतका घाबरला, की त्यानं चटकन दोन्ही हात वर केले. काका खूश झाले. हात वर केल्यामुळे उंची आणखी नीट मोजता येते, असं त्यांनी त्याला सांगितलं आणि आत नेऊन चहा पाजला.

मिलकाका हे नाव गल्लीनं ठेवलं होतं. ही मिल कापडाची नव्हे. वर्तुळाचे तुम्ही-आम्ही तीनशे साठ अंश करतो. काका आयुष्यभर तोफखान्यात होते आणि तिथे वर्तुळाचे चौसष्टशे तुकडे करत. त्या एकेका तुकड्याला मिल म्हणतात. एवढे बारीक तुकडे कशाला, असं कुणी विचारण्याचा अवकाश, काकांचे डोळे लकाकायचे. विचारणाऱ्याची संध्याकाळ तिथेच बुडाली.

"एक किलोमीटरवर एक मिल म्हणजे एक मीटर," काका सांगायचे. "विषय संपला."

विषय तिथे सुरू व्हायचा. हात लांब केला की एक बोट म्हणजे सुमारे तीस मिल, मूठ म्हणजे दीडशे, पंजा फाकवला की तीनशे. म्हणजे किलोमीटरभर लांबची इमारत एका बोटामागे झाकली गेली, तर तिची रुंदी तीस मीटर. इमारतीची रुंदी माहीत असेल, तर उलट्या हिशेबानं अंतर निघतं. ना कागद, ना पट्टी. माणूस जन्मतःच हे यंत्र खांद्याला लावून येतो आणि त्याचा उपयोग नाक खाजवायला करतो, याचं काकांना मनापासून वाईट वाटायचं.

तोफखान्यात त्यांनी स्वतः एकही तोफ डागली नव्हती. डागणारे वेगळे. काका टेकडीवर दुर्बीण आणि होकायंत्र घेऊन बसायचे आणि कुठे बघायचं ते तोफांना सांगायचे. त्यांच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सगळ्या पोरांना बजावलं होतं, की 'जरा डावीकडे' म्हणणारा माणूस शत्रूपेक्षा घातक. काकांनी ते वाक्य असं काही मनावर घेतलं, की लग्नानंतर काकूंनी पाठ खाजवायला सांगितली तरी ते "डावीकडे किती?" असं विचारायचे.

काकूंचं आणि त्यांचं लग्नही मिलमधूनच जमलं, असं काका सांगत. छावणीतल्या मैदानापलीकडच्या एका खिडकीत एक मुलगी दिसायची. खिडकीच्या उंचीवरून काकांनी अंतर काढलं आणि मग घर शोधत गेले.

"अंतर बरोबर होतं," काकू पुढचं सांगायच्या. "खिडकीत माझी बहीण असायची. हे आले तेव्हा दार मी उघडलं."

"दिशाही बरोबर होती," काका म्हणायचे. "घर तेच होतं."

अशा घरात मुलगा शिंपी निघाला. तो इंचात बोलायचा. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि समुद्राची इतकी भीती, की धक्क्यावर बांधलेली होडी डुलताना बघूनसुद्धा त्याच्या पोटात ढवळायचं. आणि या पठ्ठ्यानं बायको कोण करावी, तर बंदराची लाँच चालवणारी. ती अंशात बोलायची. काकू आयुष्यभर वितींवर भागवत आल्या होत्या. घरात नवीन कपाट घ्यायचं ठरलं तेव्हा चौघांनी चार मापं काढली आणि कपाट शेवटी जिन्यात अडकलं.

सून आल्यापासून काकांना घरातच तोलामोलाचा विरोधक मिळाला. जेवताना अंश विरुद्ध मिल अशी जुंपायची.

"बाबा, तुमचे तुकडे जमिनीवर ठीक आहेत," सून म्हणायची. "समुद्र तीनशे साठाचा आहे."

"समुद्राला विचारलंस?"

"रोज विचारते. तुम्ही एकदा तरी लाँचवर या, म्हणजे तुम्हालाही सांगेल."

काका लाँचवर जायचे नाहीत. त्यांचं राज्य म्हणजे घराची गच्ची. घर टेकडीच्या उतारावर होतं आणि गच्चीवरून सगळी खाडी तळहातासारखी दिसायची. उत्तरेच्या टोकावर पांढरं दीपगृह, पश्चिमेला मोकळा समुद्र, आणि दोन्हींच्या मधे पाण्यातून वर आलेली काळ्या खडकांची रांग. तिला सगळं बंदर करवत म्हणायचं. पाहुणा चहा पिऊन झाला की काका त्याला गच्चीवर न्यायचे, पितळी होकायंत्र त्याच्या डोळ्याला लावायचे आणि दीपगृह बघायला सांगायचे. आतल्या छोट्या भिंगातून तबकडीवरचा तेवढाच आकडा दिसतो, ज्या दिशेला आपण बघतोय तिचा. दीपगृह जवळजवळ उत्तरेलाच, त्यामुळे शून्याच्या पुढची पाचवी रेघ दिसायची.

"पाचवी रेघ," पाहुणा म्हणायचा.

"शंभर मिल," काका म्हणायचे. "नोकरी सोडली तेव्हाही शंभर होते, आजही शंभर. माणसं बदलतात."

हे होकायंत्र मागच्या वर्षी गच्चीवरून खाली पडलं होतं. शेजारणीला दीपगृह दाखवताना काकांच्या हातून निसटलं आणि खालच्या दगडी पायरीवर आपटलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. काकूंच्या मते, त्या पडल्या तेव्हा ते जेवले होते. मग काकांचा बालमित्र घड्याळजी मदतीला धावला. त्याचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि मोडकं काहीही फेकून द्यायचं नाही हा त्याचा धर्म होता. चार दिवसांनी त्यानं होकायंत्र नव्यासारखं करून आणलं. काकांनी गच्चीवर धाव घेतली, दीपगृह बघितलं. पाचवी रेघ. काकांनी घड्याळजीला मिठी मारली, आणि अख्ख्या गल्लीनं ती बघितली.

आता त्या दुपारी काय झालं ते.

काका आणि घड्याळजी गच्चीवर बुद्धिबळ खेळत होते. म्हणजे काका खेळत होते आणि घड्याळजी मोहरा उचलून त्याचा तळ घासलाय का ते बघत होता. सून लाँच घेऊन समुद्रातल्या एका तरत्या दिव्याचा बल्ब बदलायला गेली होती. बरोबर एक इंजिनवाला. संध्याकाळी धुकं येणार, ती त्याआधी परतणार, असं सकाळीच ठरलं होतं. धुकं मात्र ठरल्यापेक्षा लवकर आलं. पश्चिमेची रेघ आधी पुसट झाली, मग नाहीशी झाली आणि धुक्याची भिंत सावकाश खाडीकडे सरकू लागली.

काकांनी उंट उचलला आणि सहज समोर बघितलं. उंट हातातच राहिला.

लांब पाण्यावर नारिंगी धूर होता.

तो धूर कसला हे काकांना कुणी सांगावं लागलं नाही. संकटात सापडलेली बोट नारिंगी धुराचा डबा पेटवते. त्या वेळी त्या भागात बोट एकच होती.

काकांच्या हातांना जुनी सवय होती. दुर्बीण डोळ्याला गेली. लाँचच्या डोलकाठीची उंची सात मीटर, हे सुनेबरोबरच्या भांडणांतून त्यांना पाठ झालं होतं. दुर्बिणीच्या काचेवरच्या मिलच्या रेघांमध्ये डोलकाठी दोन मिल भरली. सात भागिले दोन. साडेतीन किलोमीटर. मग होकायंत्र. भिंगात आकडा आला सेहेचाळीस, म्हणजे सेहेचाळीसशे मिल. तेवढ्यात धुक्याची भिंत पुढे आली आणि धूर, डोलकाठी, लाँच, सगळं गिळून गेली. गच्चीवरून आता करवतसुद्धा दिसेना.

बंदराच्या कंट्रोल रूममध्ये वायरलेस सांभाळणारी एक बाई होती. तिचा आवाज इतका थंड, की ती आग लागल्याचं सांगायची तेव्हा ऐकणाऱ्याला स्वेटर घालावासा वाटायचा. काकांनी तिला फोन लावला. लाँच वायरलेसला उत्तर देत नाही, हे तिला नुकतंच कळलं होतं. धूर मात्र धक्क्यावर कुणाला दिसला नव्हता. धक्क्यावरून तो भाग टेकडीच्या आड येतो.

"दिशा सांगा," बाई म्हणाली. "अंशात."

सेहेचाळीसशे मिलचे अंश करायला काकांना श्वास घेण्याइतका वेळ लागला.

"दोनशे एकोणसाठ. अंतर साडेतीन किलोमीटर."

"खात्री आहे?"

"बाई," काका म्हणाले, "मी आयुष्यभर दुसरं काहीच केलेलं नाही."

गस्तीची बोट निघाली. काकूंनी शिंप्याच्या दुकानात निरोप पाठवला आणि तो तसाच धावत आला. गळ्यात टेप, एका हातात कुणाच्या तरी कोटाची बाही. दुसऱ्या हातात बायकोचा मोबाइल होता. ती सकाळी तो त्याच्या दुकानात चार्जिंगला लावून गेली होती.

"हा माझ्याकडे आहे," तो म्हणाला आणि मोबाइल सगळ्यांना दाखवत राहिला. "हा माझ्याकडेच आहे."

काकूंनी त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि त्याला खुर्चीवर बसवलं.

"भरती चालू आहे," घड्याळजी हळूच म्हणाला.

भरतीचा ओढा करवतीकडे असतो हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. इंजिन बंद पडलेली लाकडी लाँच त्या खडकांवर गेली, तर पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही. गस्तीच्या बोटीवर रडार होतं, पण त्या भागात रडारच्या पडद्यावर लाँच आणि खडक सारखेच ठिपके दिसतात. म्हणून सगळी भिस्त काकांनी सांगितलेल्या आकड्यावर होती. शिंप्यानं एकदा वडिलांकडे बघितलं आणि मान डोलावली. त्याचा बापावर विश्वास होता. लहानपणी या बापानं त्याला शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टेजवर बोटानं मोजलं होतं, तरीही होता.

फोन वाजला. काकांनी उचलला.

"बोट तुम्ही सांगितलेल्या जागी पोचली," थंड आवाज म्हणाला. "तिथे काही नाही."

काकांना वाटलं, वाक्य अर्धंच झालंय. ते पुढचं ऐकायला थांबले.

"हॅलो? तिथे काही नाही. मोकळं पाणी आहे. तुम्हाला दुसरं काही आठवतंय का?"

काका खुर्ची समजून मागे टेकले. ते पटावर बसले. मोहरे चारी बाजूंना उडाले आणि एक हत्ती गडगडत जाऊन गच्चीच्या नळीतून खाली गेला. तो पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मी चुकलेलो नाही," ते म्हणाले.

"मग ती कुठे आहे?" शिंपी म्हणाला.

"तिथेच आहे. ते नीट बघत नसतील."

"बाबा, परत मोजा."

"काय मोजू? धुकं मोजू?"

शिंपी उभा राहिला. त्याचा चेहरा खडूसारखा झाला होता, पण आवाज दुकानातला होता, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा.

"बाबा, माझ्या दुकानात एखाद्याचा कोट चारी बाजूंनी फसला ना, तर मी गिऱ्हाइकाला काही म्हणत नाही, आणि मोजणाऱ्या पोरालाही नाही. मी आधी टेप बघतो. एकदा टेपचा पहिला इंचच तुटलेला होता. आठवडाभर सगळ्या गावाचे कोट इंचभर लांब."

"माझं होकायंत्र म्हणजे तुझी टेप नव्हे."

"दाखवा तरी."

काकांना इतका राग आला की त्या रागात त्यांना जरा बरं वाटलं. त्यांनी होकायंत्र पुढ्यात घेतलं, झाकण पूर्ण उघडलं, चष्मा चढवला. भिंगातून नाही, वरून, अख्खी तबकडी दिसेल अशी.

"बघ. डोळे फाडून बघ. चौसष्टशे भाग. इथे शून्य. आणि शून्याच्या बरोबर समोर, अर्ध्या वाटेवर, बत्तीस…"

काकांचं बोट शून्याच्या समोर गेलं आणि तिथेच राहिलं.

शून्याच्या समोर तीस होतं.

काकांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. तीस. पूर्वेला सोळा असायला हवं तिथे पंधरा. पश्चिमेला अठ्ठेचाळीसच्या जागी पंचेचाळीस. त्यांनी शून्यापासून उलटं जायला सुरुवात केली. शून्याच्या आधीचा आकडा त्रेसष्ट हवा होता. एकोणसाठ होता.

काकूंनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि त्याचा हात धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी हा चेहरा पाहिला नव्हता. आपल्याच घरात शिरावं आणि आत दुसरंच कुटुंब जेवत बसलेलं असावं, असा तो दिसत होता.

"साठशे," काका पुटपुटले. "ही साठशेची आहे."

"कशाचे साठशे?" शिंपी म्हणाला.

काकांनी मान वळवून घड्याळजीकडे बघितलं. घड्याळजी नळीतून पडलेला हत्ती शोधायला जिन्याकडे निघाला होता, तो तिथेच थांबला.

"मागच्या वर्षी," काका म्हणाले, "तू तबकडी बदललीस?"

"जुनी चिरली होती," घड्याळजी म्हणाला. "तिचा तुकडा पडला होता रे. माझ्या खणात दुसऱ्या एका होकायंत्राची होती. कुठलीशी परदेशी. बरोबर बसली, एक केसाचा फरक नाही. आकार तोच, रेघा तशाच…"

"रेघा तशाच नाहीत."

"दीपगृह बरोबर आलं की. पाचवी रेघ. तूच मला मिठी मारलीस."

आणि तिथे काकांना सगळं दिसलं, अगदी दुर्बिणीतून दिसावं तसं. जगातल्या सगळ्या सैन्यांनी वर्तुळाचे सारखे तुकडे केलेले नाहीत. हे त्यांना माहीत होतं. पोरांना त्यांनी ते शिकवलंही होतं. किलोमीटरला मीटर धरलं तर वर्तुळाचा खरा हिशेब त्रेसष्टशेच्या जरा खाली येतो, पण त्या आकड्याला सहजी भाग जात नाही. म्हणून कुणी तो वर ढकलून चौसष्टशे केला, कुणी खाली आणून साठशे. शून्य दोन्हींचं एकच. शून्याच्या जवळ दोन्ही तबकड्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. जसजसं गोल फिरत जावं तसतशी चूक वाढत जाते. आणि काका वर्षभर प्रत्येक पाहुण्याला, न चुकता, शून्याच्या शेजारचं दीपगृह दाखवत होते. बरोबर उत्तर येण्याची खात्री असलेली एकमेव जागा.

पश्चिमेकडे त्यांनी त्या होकायंत्रातून आज पहिल्यांदा बघितलं होतं.

"आधी आकडा काढा," काकू म्हणाल्या. "बाकीचं नंतर."

सेहेचाळीस भागिले साठ. काकांचे ओठ हलले. दोनशे शहात्तर अंश. त्यांनी दोनशे एकोणसाठ सांगितले होते. मधे सतरा अंश, म्हणजे तीनशेच्या वर मिल. एक किलोमीटरवर एक मिल म्हणजे एक मीटर, विषय संपला. साडेतीन किलोमीटरवर हजार मीटरहून जास्त. आपल्याच तोंडचं ते वाक्य काकांच्या डोक्यात इतक्या जोरात वाजलं, की त्यांनी कानावर हात ठेवला. गस्तीची बोट एक किलोमीटर दक्षिणेला मोकळ्या पाण्यात फिरत होती. सून उत्तरेला होती, करवतीच्या तोंडाशी.

त्यांनी फोन लावला. शिंप्यानं फोन घेण्यासाठी हात पुढे केला, पण काकांनी दिला नाही.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "दोनशे शहात्तर. अंतर तेच. माझी तबकडी चुकीची होती. मी ती तपासली नाही. दोनशे शहात्तर, ऐकलंत?"

"दोनशे शहात्तर," बाई म्हणाली. तिकडे कागदावर रेघ मारल्याचा आवाज झाला. मग त्या थंड आवाजाला पहिल्यांदाच तडा गेला. "काका, ते तर करवतीपाशी आहे."

"हो."

मग वाट बघणं. काकूंनी मोहरे गोळा करून पटावर मांडले, आणि दोन्ही राजे एकाच बाजूला ठेवले. घड्याळजी जिन्याच्या पायरीवर बसून होता. आपली बोटं ही दुसऱ्या कुणाची असावीत तशी तो त्यांच्याकडे बघत होता. काका मधेच त्याच्याजवळ गेले.

"तू चांगल्या मनानं केलंस," ते म्हणाले.

"तू शिव्या दे रे," घड्याळजी म्हणाला. "मला जरा बरं वाटेल."

"देईन. ती आली की देईन."

शिंप्यानं टेप गळ्यातून काढली होती आणि तो ती बोटांना गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. बोटं निळी पडायला लागली तेव्हा आईनं ती काढून घेतली.

फोन वाजला. कुणी उचलायचा यावर क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी काकूंनी उचलला. ऐकलं. "बरं" म्हणाल्या, फोन ठेवला, आणि मग सुनेचा मोबाइल लेकाच्या हातात परत दिला.

"आई, काय झालं?"

"मिळाली. दोघंही मिळाले. दोरीनं बांधून आणतायत."

आनंद झाला तर माणसं नाचतात वगैरे म्हणतात. त्या गच्चीवर कुणी नाचलं नाही. शिंपी वाकून कठड्यावरून खाली ओकला. समुद्रावर न जाता त्याला बोट लागली. घड्याळजी उठला आणि निमूटपणे हत्ती शोधायला खाली गेला.

सून घरी आली तेव्हा तिच्या अंगाला जळक्या वायरींचा वास येत होता. केस मिठानं ताठ झाले होते. नवऱ्यानं तिला मिठी मारली आणि मग तिच्या हातात मोबाइल ठेवला, पूर्ण चार्ज झालेला. ती त्याच्याकडे बघून हसली, पण हसू निम्म्यातच थांबलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ती सांगू लागली.

आधी बॅटरीच्या खणातून धूर आला. आग विझवली, पण इंजिन, वायरलेस, पडद्यावरचा नकाशा, सगळं त्या एका खणावर चालायचं, ते सगळंच मेलं. धुराचा डबा एकच होता, तो पेटवला. मग धुकं आलं. करवतीवर पाणी फुटल्याचा आवाज यायला लागला तसा नांगर टाकला. नांगर तळाला घासत होता, धरत होता, सुटत होता.

"शेवटी तुमची बोटं काढली, बाबा," ती म्हणाली. "धुकं जरा फाटलं की करवतीचा सगळ्यात उंच सुळका दिसायचा. हात लांब करून बोट धरायचे. आधी अर्ध्या बोटात मावत होता, मग बोटभर झाला. म्हणजे आपण सरकतोय हे कळत होतं. इंजिनवाला म्हणाला, हे न कळलेलं बरं."

काकांनी स्वतःची बोटं मुठीत मिटून घेतली.

"सगळ्यात वाईट ते नव्हतं," सून कपाकडे बघत म्हणाली. "मधे गस्तीच्या बोटीचा भोंगा ऐकू आला. बंदराकडून. जवळ येत होता. आम्ही दोघांनी शिट्ट्या फुंकल्या, डबे वाजवले. इंजिनवाला रडायलाच लागला, आले म्हणून. आणि मग तो भोंगा पुढे निघून गेला. दक्षिणेकडे. बारीक बारीक होत गेला. मला कळेचना. एवढ्या मोठ्या समुद्रात ते इतक्या ठामपणे चुकीच्या जागी कसे चालले होते?"

शिंप्यानं आईकडे बघितलं, आईनं जमिनीकडे. कुणी सांगितलं नसतं तर तिला कळलंही नसतं.

"मी पाठवलं त्यांना," काका म्हणाले. "ठामपणा माझा होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तबकडी, दीपगृह, पाचवी रेघ, शून्याच्या समोरचं तीस. एकही शब्द गाळला नाही, एकही शब्द मऊ केला नाही. 'जरा चुकलं' असं म्हणाले नाहीत. किती चुकलं ते मीटरमध्ये सांगितलं.

सुनेनं कपावरून नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ते काकांना जड गेलं. ती नुसती थक्क झाली होती.

"आणि परत कसा आला तो भोंगा?" तिनं विचारलं.

"टेपमुळे," काकू म्हणाल्या आणि लेकाकडे बोट दाखवलं.

सून उठली, कप मोरीत ठेवला आणि आत जाऊन झोपली. काका त्या खुर्चीवरून जेवायलाही उठले नाहीत. या वेळी काकूंनी जुन्या पडण्याची आठवण काढली नाही.

लाँच दुरुस्त होऊन पाण्यात उतरायच्या दिवशी सून सकाळी काकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"बाबा, चला."

"कुठे?"

"लाँचवर. नवीन होकायंत्र बसवलंय. तुम्ही तपासल्याशिवाय मी सोडणार नाही."

काकांनी तिच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. थोडी होती, पण तेवढीच. त्यांनी बूट घातले. गल्ली बघत राहिली. मिलकाका, ज्यांनी आयुष्यात गच्ची सोडून समुद्र बघितला नव्हता, ते सुनेच्या मागे धक्का उतरून, फळीवर पाय ठेवून, डुलत्या लाँचवर चढले. धक्क्यावर शिंपी उभा होता. दुसऱ्याला लाँचवर चढताना बघूनच त्यानं डोळे मिटले होते. घड्याळजीही आला होता. त्याला मात्र सुनेनं धक्क्यावरूनच बघायला सांगितलं होतं आणि हात खिशात ठेवायला लावले होते.

इंजिनवाल्यानं काकांना होकायंत्रापाशी नेलं. सवयीनं तो म्हणाला, "काका, ते बघा, दीपगृह एकदम मस्त दिसतंय इथून."

"त्याच्याकडे बघू नकोस," काका म्हणाले. "ते कुणालाही बरोबर दिसतं."

ते वाकले. चष्मा लावला. आधी शून्य शोधलं, मग बोट सावकाश पलीकडे नेलं. मग पूर्वेला, मग पश्चिमेला. शून्याच्या आधी काय आहे तेही बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून. धक्क्यावरची माणसं कंटाळून एकमेकांकडे बघायला लागली. सून कंटाळली नाही. सुकाणूवर हात ठेवून ती उभी होती.

"शून्याच्या समोर एकशे ऐंशी," काका शेवटी म्हणाले. "सोड."

इंजिन सुरू झालं. धक्का सुटला. करवत उजव्या हाताला ठेवून लाँच वळली, तशी सून समोर बघतच म्हणाली, "दोनशे सत्तरवर चाललोय, बाबा. मिलमध्ये किती झाले?"

काकांनी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर होतं, आयुष्यभर होतं. त्यांनी ते गिळलं.

"कुणाच्या मिलमध्ये?" त्यांनी विचारलं.